पाचानंतर सात

१

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. नाटकाला साउंड देणाऱ्या माणसानं कुणावरही विश्वास ठेवायचा नसतो. केबलवर नाही, नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनवर नाही, आणि ‘ताई, काल सगळं नीट चालू होतं’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही. काल सगळं नीटच चालू असतं. बोंब असते ती आजची.

घाटकोपरच्या बाजूला एक नाट्यगृह आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे आम्ही पहिल्यांदाच जात होतो, रविवारी दुपारचा प्रयोग होता. नेहमीप्रमाणे मी सगळ्यांच्या आधी पोचले, प्रेक्षागृहाच्या मागच्या केबिनमध्ये मिक्सर मांडला आणि केबली जोडायला घेतल्या. आमच्या मिक्सरला आठ आउटपुट आहेत, म्हणजे आवाज बाहेर जायच्या आठ वाटा. एक-दोन प्रेक्षागृहात, तीन-चार रंगमंचावर नटांसाठी, पाच बाल्कनीत. सहा नंबर मेकअप रूमला. तिथे भिंतीवर एक छोटा स्पीकर असतो, त्यातून रंगमंचावरचं सगळं ऐकू येतं आणि आपली एंट्री जवळ आली की नट उठतात. आम्ही त्याला रिले म्हणतो. सात-आठ रिकामे असतात.

मिक्सर चालू केला. स्क्रीनवर आकडे आले. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचानंतर सातच होता. मध्ये मोकळी जागाही नव्हती, सहा नावाचा आकडा कधी नव्हताच असं ते सगळे शेजारी शेजारी बसले होते. मागच्या बाजूला मात्र सहाचं भोक होतं, वर ठळक सहा छापलेलं.

मग जे करायचं ते सगळं केलं. बंद करून चालू केलं. जुनं सेटिंग चढवलं. सगळं पुसून कोरं केलं. सहाची केबल पाचात घालून दुसरं टोक हेडफोनला लावलं, छान वाजली. पाचाची सहात घातली, चिडीचूप. म्हणजे केबल बरी होती. ‘कुणीतरी हात लावलाय,’ मी मोठ्यानं म्हणाले. मिक्सर आठवडाभर आमच्या मुलुंडच्या घरी होता आणि घरी माझ्याशिवाय फक्त बाबा असतात. बाबांना टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय आहे. त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता, तरी थोडा घेतला.

वैतागून मी मेकअप रूममध्ये जाऊन सांगून आले की आज रिले नाही, प्रज्योत येऊन हाक मारील. प्रज्योत आमचा बॅकस्टेजचा माणूस.

‘वाट लागली,’ माधुरीताई आरशातून म्हणाल्या. नाटकात त्यांची मोठी भूमिका आहे. ‘हा प्रज्योत चहा प्यायला गेला की मग काय करायचं?’

त्यांच्या बाजूला बाबा बसले होते, तेही या नाटकात काम करतात. ते नुसते हसले. त्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांचं कानातलं यंत्र समोर डबीत होतं. विग बसवताना ते शिट्टी मारतं, म्हणून आधी काढून ठेवतात आणि रंगमंचावर जाताना विगखाली पुन्हा घालतात.

२

बाबांविषयी, म्हणजे सगळ्यांच्या नंदूकाकांविषयी, सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

आजोबा गिरणीत होते, बाबाही काही वर्षं होते. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी एका पतपेढीत शिपायाची नोकरी केली आणि संध्याकाळी कामगारांच्या स्पर्धेतली नाटकं. व्यावसायिक रंगमंचावर एकदा तरी उभं राहायचं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. ते मिळालं केस पिकल्यावर. या नाटकातल्या म्हाताऱ्या भाडेकरूसाठी दिग्दर्शकाला अस्सल मालवणी माणूस हवा होता. मी म्हटलं, माझ्या घरी एक आहे. बाबांना यंत्राशिवाय शेजारचं बोलणंही ऐकू येत नाही, हे मी दिग्दर्शकाला सांगितलं नाही. फक्त मला आणि माधुरीताईंना माहीत होतं. समजलं असतं तर त्यांना त्याच दिवशी काढलं असतं, आणि मग ते जगले असते, पण कसेबसे.

नाटक पुनर्विकासाचं आहे. बिल्डिंग पडायला आली, सगळे गेले, हा म्हातारा जात नाही. शेवटी तो खुर्चीत एकटा बसून बायकोच्या फोटोशी बोलत असतो. म्हणतो, ‘येणारं आता कोण उरलंय?’ त्यावर मी दाराची बेल वाजवते. बाबा ‘इलंय गो, इलंय’, म्हणजे आलो गं, आलो, म्हणत उठतात. हे त्यांचं स्वतःचं वाक्य, संहितेत नाही, पण टाळ्या घेतं. ते दाराशी जाऊन कडीला हात लावतात, लाइटवाला अंधार करतो, अंधार झाला की प्रज्योत वरची रस्सी सोडतो आणि छताचा स्लॅब खुर्चीवर कोसळतो. उजेड होतो. खुर्ची स्लॅबखाली, म्हातारा दारात मुलीसमोर. पडदा.

स्लॅब दिसायला थर्माकोलचा आहे. आत लोखंडी अँगल आहेत, नाहीतर धप्प असा आवाज येत नाही.

त्या रविवारी प्रयोग झकास झाला. बाबा प्रत्येक एंट्रीला वेळेवर. मला वाटलं प्रज्योतनं काम चोख केलं. शेवटी त्याला शाबासकी द्यायला गेले तर तो म्हणाला, ‘अगं, काकांना मी एकदाही हाक मारली नाही. दर वेळी जातोय तर हे आधीच विंगेत उभे.’

टॅक्सीत बाबांना विचारलं.

‘रिले बरो होतो गो आज,’ बाबा म्हणाले. ‘एकदम स्वच्छ. माका सगळा आयकाक इला.’

‘रिले बंद होता, बाबा.’

‘तुझो बंद आसतलो.’

 म्हाताऱ्या माणसाला आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते, मग तो मान डोलावतो. घड्याळाकडे बघून उठत असतील. मी स्वतःची समजूत घातली आणि ती मला फारशी पटली नाही.

३

दुसऱ्या दिवशी मिक्सर घेऊन साकीनाक्याला विद्याधरकडे गेले. त्याचं गाळ्यात रिपेअरिंगचं दुकान आहे. बाजूला पत्रा कापायचं मशिन सतत किंचाळत असतं, आणि त्या गोंगाटात हा माणूस दिवसभर आवाजाचे रोग बरे करतो. कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे तोंडाला फटकळ.

‘तूच काहीतरी दाबलं असशील, कल्पिता,’ त्यानं पहिलं हेच म्हटलं.

‘दाबलं असेन तर तू उलटं दाब आणि दाखव.’

त्यानं मिक्सर चालू केला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सगळे जागेवर. विद्याधर माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की मला त्याचा गळा धरावासा वाटला. सहातून गाणं लावून दाखवलं, छान वाजलं.

‘हे मशिन ठणठणीत आहे. त्या हॉलमध्ये काहीतरी गडबड असेल.’

‘हॉलमुळे स्क्रीनवरचा आकडा जातो?’

‘नाही जात,’ तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, ‘पुढच्या रविवारी माझा मिक्सर घेऊन जा. दुसऱ्या कंपनीचा आहे. तोही तसाच वागला तर मला फोन कर. नाही वागला तर मला वडापाव घाल.’

पुढच्या रविवारी मी त्याच केबिनमध्ये त्याचा मिक्सर लावला. बटणं वेगळी, स्क्रीन वेगळा, रंग वेगळे. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ.

विद्याधरला फोन लावला नाही. फोन लावला असता तर तो हसला असता, आणि मग मला खरंच भीती वाटली असती. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि सरळ मेकअप रूममध्ये गेले. कुणी आलेलं नव्हतं. स्टुलावर चढून भिंतीवरचा तो स्पीकर खाली ओढला. त्याच्या पाठीतून वीतभर वायर लोंबत होती. पुढे काही नव्हतं. कधीतरी रंगकाम करताना कुणीतरी ती कापली होती, आणि कापलेल्या टोकावरही भिंतीचाच पिवळा रंग बसला होता. त्या स्पीकरला कित्येक वर्षांत कुठूनही काही आलेलं नसणार.

मग मागच्या रविवारी बाबांनी काय ऐकलं? मी स्वतःला उत्तर दिलं, काहीच नाही. स्पीकर पुन्हा टांगला आणि हात धुतले.

४

सगळे जमले. मी बाबांना चहा द्यायला गेले तेव्हा माधुरीताईंच्या केसांत पिना लावणं चाललं होतं. बाबा मागच्या रविवारच्याच खुर्चीत, स्पीकरच्या बरोबर खाली, मान किंचित वाकडी करून बसले होते. यंत्र डबीत होतं. ते मान डोलावत होते, हसत होते.

आणि मलाही ऐकू आलं.

बारीक, पण स्वच्छ. माधुरीताईंचा आवाज, पहिल्या अंकातला भांडणाचा प्रसंग. मध्ये प्रेक्षकांचा हशा. बाहेर प्रेक्षागृह रिकामं होतं, अजून दारंसुद्धा उघडली नव्हती. मी माधुरीताईंकडे पाहिलं. त्या तोंड मिटून बसल्या होत्या, ओठांत दोन पिना.

स्पीकरमधल्या प्रेक्षकांत कुणाचा तरी फोन वाजला. सनईचा रिंगटोन, बंदच होईना. मग स्पीकरमधल्या माधुरीताई म्हणाल्या, ‘आधी तो फोन घ्या हो, लग्न लागायचं राहिलं असेल!’ आणि मोठा हशा.

‘ताई, हे काय लावलंय?’ मी विचारलं.

‘काय लावलंय?’ पिना काढून त्या म्हणाल्या.

‘स्पीकरवर.’

त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. ‘अगं, तो कुठे बोलतोय? नंदूकाका पाठांतर करतायत म्हणून मान हलवतायत. तू जेवलीस ना नीट?’

मी बाहेर आले. डोकं चालू होतं. कुणीतरी रेकॉर्डिंग केलंय. मोबाइल कुठेतरी ड्रॉवरमध्ये लपवून वाजवतोय. प्रज्योतला असल्या टवाळ्या सुचतात, आणि माधुरीताईही त्यात सामील असतील. मला घाबरवायचं, मग ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा. हे पटण्यासारखं होतं. फक्त फोनचा तो किस्सा आमच्या एकाही प्रयोगात घडलेला नव्हता. मी प्रत्येक प्रयोगाला असते.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. भांडणाचा प्रसंग आला. चौथ्या-पाचव्या रांगेत सनई वाजली. बंदच होईना.

‘आधी तो फोन घ्या हो,’ रंगमंचावरून माधुरीताई म्हणाल्या, ‘लग्न लागायचं राहिलं असेल!’

सगळं थिएटर हसलं. मी एकटी अंधारात बसून त्या मिक्सरच्या स्क्रीनकडे बघत राहिले, जिथे पाचानंतर सात होता.

५

मध्यंतरात प्रेक्षक बटाटेवड्यांकडे धावले आणि मी माधुरीताईंकडे.

‘ते लग्नाचं वाक्य कधी ठरवलंत?’

‘ठरवायचंय काय? सुचलं तिथल्या तिथे. आवडलं ना?’

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या चांगल्या नटी आहेत, पण खोटं बोलताना त्यांच्या भुवया उडतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या वडा खायला गेल्या. मेकअप रूममध्ये मी आणि बाबाच उरलो. घामानं विग खाजतो म्हणून त्यांनी तो काढला होता, यंत्रही काढलं होतं. मी त्यांच्या बाजूला स्टूल ओढून बसले. मला ऐकायचंच होतं.

स्पीकरमध्ये दुसरा अंक चालू होता. शेवट जवळ आला होता. बाबांचा आवाज फोटोशी बोलत होता, आणि बाबा खाली बसून स्वतःचंच बोलणं ऐकत होते, वाक्यावाक्याला ओठ हलवत.

‘येणारं आता कोण उरलंय?’ स्पीकर म्हणाला.

बेल वाजली नाही.

मी कधीही बेल चुकवलेली नाही. ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही. स्पीकरमध्ये शांतता होती. खुर्चीचा लाकडी करकर आवाज आला, बसल्या जागी कुणी हललं तर येतो तेवढाच. मग वरून रस्सी सुटल्याची सरसर. मग धप्प.

टाळ्या आल्या नाहीत. माणसं धावल्याचे आवाज आले.

‘बेल खय गो?’ बाबांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा चिंतेत होता, पण स्वतःच्या नाही, माझ्या. ‘बेल कित्याक नाय वाजवलंस?’

मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः ओढून बाहेर आणलं आणि त्यांच्या कानात यंत्र कोंबलं. ‘बाबा, आज शेवटी त्या खुर्चीत बसू नका. उभं राहून बोला.’

‘असां कसां? खुर्चीत बसणां हेंच तर माझां काम.’

‘मी सांगते म्हणून.’

‘चेडवा,’ ते हळू म्हणाले. लहानपणापासून ते मला तसंच म्हणतात, चेडू, म्हणजे मुलगी. ‘सगळो जन्म वाट बघलंय ह्या कामाची. असां मनाक येयत तसां केलंय तर उद्या दुसरो आणतीत. माका घराक बसवू नको.’

मला राग आला. त्यांचा, स्वतःचा, त्या भिंतीवरच्या डबड्याचा. त्यांना मी काय सांगणार होते? सांगून ते घाबरले असते का? मला वाटतं, नसते.

६

प्रज्योतला विंगेत गाठलं. ‘आज बेल वाजल्याशिवाय रस्सी सोडायची नाही. अंधार झाला तरी नाही.’

‘सर म्हणाले?’

‘हो,’ मी दिग्दर्शकाच्या नावावर धडधडीत खोटं बोलले.

‘बरं. पण सवय आहे गं हाताला. अंधार झाला की हात आपोआप सुटतो.’

‘सवयीला सांग, आज सुट्टी घे.’

तो हसला. मला त्याच्या हसण्याचा भरवसा वाटला नाही. केबिनकडे जाताना मी विचार करत होते. बेल का वाजत नाही? कारण मी जागेवर नसते. घाबरून खाली धावत जाते, आणि त्यामुळेच ते घडतं. म्हणजे जागचं हलायचं नाही. मिक्सरला चिकटून बसायचं. हिशेब सरळ होता, म्हणूनच त्याचा संशय आला.

मी परत फिरले. विंगेत खिळ्याला आमच्या संस्थेची पितळी घंटा टांगलेली असते. तिसरी घंटा हीच. पहिल्या प्रयोगापासून तिला फूल वाहतात, आणि अंक सुरू झाला की तो संपेपर्यंत तिला कुणी बोट लावत नाही. बाबा तर तिच्या बाजूनं जाताना नमस्कार करतात. दुसऱ्या अंकाची घंटा झाली, पडदा उघडला, विंगेतले सगळे आपापल्या कामाला लागले. मी घंटा खिळ्यावरून काढली, लोलक मुठीत धरला आणि ओढणीखाली लपवून मागच्या जिन्यानं केबिनमध्ये नेली. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं.

शेवटचा प्रसंग आला. बाबा खुर्चीत. फोटोशी बोलत होते आणि इतकं सुंदर बोलत होते की पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. माझं बोट बेलच्या बटणावर होतं.

‘येणारं आता कोण उरलंय?’

बटण दाबलं. त्याच्या नखभर आधी सगळं गेलं. रंगमंचावरचे दिवे, केबिनमधला दिवा, मिक्सरचा स्क्रीन. अख्ख्या नाट्यगृहाची वीज. बटण मऊ, मेलेलं होतं. तेवढ्या क्षणात मला कळलं की मी जागेवर असले काय, नसले काय, ही बेल वाजणारच नव्हती.

मी घंटा उचलली आणि जीव खाऊन वाजवली.

अंधारात ती भयंकर मोठी वाजली. खाली खुर्ची सरकली. ‘इलंय गो, इलंय!’ पावलं. सरसर. धप्प. केबिनची काच थरथरली.

वीज आली. स्लॅबखाली खुर्चीचा चुरा झाला होता. बाबा दाराशी उभे होते, हात कडीवर.

काय टाळ्या पडल्या सांगू! लोकांना वाटलं सगळं ठरवूनच होतं. मी घंटा पोटाशी धरून रडले, हसले, पुन्हा रडले. स्पीकरमध्ये मी जे ऐकलं त्यात ही घंटा नव्हती. ‘इलंय’ नव्हतं. ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते घडलं नव्हतं. मी जिंकले होते.

डोळे पुसून मिक्सरकडे पाहिलं. तो पुन्हा चालू होऊन आकडे दाखवत होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

सहाखालची हिरवी रेघ हलत होती. सगळे माइक बंद होते. टाळ्या थांबल्या होत्या, लोक उठून चालायला लागले होते. मी सहाचा आवाज शून्यावर ओढला. रेघ हलतच राहिली. वर, खाली, मध्येच थांबून पुन्हा वर.

७

प्रेक्षकांना शेवटचा नमस्कार करायला बाबा आले नव्हते. गेल्या इतक्या प्रयोगांत त्यांनी नमस्कार कधी चुकवला नव्हता. पडदा पडल्यावर सर्वांत शेवटी हलायचे ते.

विंगेत प्रज्योत पायरीवर बसला होता.  ‘ताई, मी थांबणार होतो. खरंच. पण अंधार झाला आणि...’ त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ‘तू घंटा वाजवली नसतीस तर काका...’

‘काका कुठे आहेत?’

‘सरळ आत गेले. मी हाक मारली, बघितलंही नाही.’

मेकअप रूमचं दार लोटलेलं होतं. आरशाभोवतीचे सगळे दिवे चालू होते. बाबा खुर्चीत, स्पीकरच्या खाली, मान वाकडी करून बसले होते. विग टेबलावर, यंत्र डबीत. त्यांच्या केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी होती. स्लॅबला लावतात ती. दाराशी उभ्या असलेल्या माणसावर ती उडत नाही. आजवर एकदाही उडाली नव्हती.

मी ती त्यांच्या खांद्यावरून झटकायला गेले. जायचं नाव घेईना.

स्पीकर चालू होता. आधी मला वाटलं खरखर आहे. मग कळलं, कुणीतरी रडतंय. अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखं. मला तो आवाज ओळखायला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते.

‘बाबा, उठा ना,’ स्पीकरमध्ये मी म्हणत होते. ‘बाबा, उठा. घरी जायचंय ना आपल्याला?’

मी स्पीकर ओढून खाली पाडला. तो वीतभर वायरीसकट जमिनीवर आपटला आणि रडत राहिला.

‘बाबा!’ मी ओरडले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा ओरडले. यंत्र त्यांच्या कानात बसवलं. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, त्यांचा भुकटीनं माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, ‘बाबा, मी इथे आहे. मी कल्पिता. मी घंटा वाजवली. तुम्ही उठलात.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे बघतात तसं, अदबीनं आणि थोडं त्रासून. मग माझे हात हळूच बाजूला केले.

‘वायच थांबा हो बाई,’ ते म्हणाले. ‘माझां चेडू रडतां थंयसर.’

आणि जमिनीवरच्या स्पीकरकडे वाकून, रंगमंचावर म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, ‘इलंय गो, इलंय.’